रिटच केलेल्या छायाचित्रांवर शिक्का सक्तीचा असावा का?

रानजाई (धागाकर्ती): जाहिरातीतील छायाचित्रात शरीराचा आकार किंवा त्वचा बदललेली असेल, तर ठरावीक शिक्क्याने तसे सांगणे नॉर्वेने जुलै २०२२ पासून बंधनकारक केले आणि पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सरनाही ते लागू केले. आपल्याकडे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या २०२१ च्या नियमांनुसार पोस्ट सशुल्क असल्याचे सांगावे लागते, मात्र कंबर बारीक करून दाखवल्याचे सांगावे लागत नाही. असा शिक्का भारतातही हवा, असे माझे ठाम मत आहे.

ओंजळ: मी असहमत आहे. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात मारिका टिगेमन आणि सहकाऱ्यांनी असे शिक्के अनेकदा तपासले, परंतु ते वाचूनही तरुणींचे स्वतःच्या शरीराविषयीचे असमाधान कमी झाल्याचे दिसले नाही. शिवाय बिनशिक्क्याचे छायाचित्र आपोआप ‘खरे’ ठरेल. उपासमार, शस्त्रक्रिया, प्रकाशयोजना यांना कोणता शिक्का लावणार? आणि ‘गोरी, सडपातळ वधू पाहिजे’ हे आपल्या वर्तमानपत्रांत इन्स्टाग्रामच्या कितीतरी आधीपासून छापले जात आहे.

माळरान: वधूवरांच्या जाहिरातींचा मुद्दा खरा आहे, पण प्रमाणाचे काय? फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये उघड केलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांत, आधीच स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटले, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद आहे. कंपनीला हे ठाऊक होते. म्हणून इन्फ्लुएन्सरपेक्षा आधी कंपनीला जाब विचारायला हवा.

रानजाई: ओंजळ, शिक्का पाहून मुलीला लगेच बरे वाटेल, असा माझा दावा नाही. स्वतःच्या छायाचित्राखाली ‘शरीर बदललेले आहे’ असे छापावे लागणार असेल, तर ते बदलण्यापूर्वी ब्रँड आणि इन्फ्लुएन्सर दोघेही विचार करतील. मला अपेक्षित परिणाम तिथे आहे. वधूची जाहिरात अनोळखी माणसाची असते, तर ही इन्फ्लुएन्सर ‘ताई’ रोज मैत्रिणीसारखी बोलते, आपले दुःखही सांगते, आणि म्हणूनच तेरा-चौदा वर्षांची मुलगी तिच्या कंबरेवर विश्वास ठेवते.

ओंजळ: तरीही तपासणार कोण? कौन्सिल ही जाहिरात क्षेत्राचीच स्वनियामक संस्था आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नवा शिक्का आणण्याऐवजी, वजन घटवण्याची पावडर बदललेल्या शरीरावर विकणाऱ्यांविरुद्ध हीच तरतूद वापरावी.