मेणबत्त्या लावून झाल्या, आता पॅरिशने काय करायचं?

वसईकरीण (मिनेसोटा):
२७ ऑगस्ट २०२५ ला मिनियापोलिसच्या अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेची मिस्सा (कॅथलिक उपासना) चालू होती. खिडक्यांतून गोळ्या आल्या. ८ आणि १० वर्षांची दोन मुलं गेली. आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे आमच्या चर्चच्या समाजात) रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली, मेणबत्त्या झाल्या. आता कौन्सिलमधले एक अंकल म्हणतात, दारात बंदूकवाला रखवालदार ठेवा, विषय संपला. दुसरं कुणी काही बोललं की 'चर्चमध्ये राजकारण नको!' (रखवालदार म्हणजे राजकारण नाही, बरं का.) इतर चर्चनी खरोखर केलेलं काही सांगा. प्रार्थनेची ताकद मला समजावू नका, रोज रोझरी म्हणणाऱ्या घरातली आहे मी.

बॉस्टनकर:
ताई, १९९२ मध्ये इथल्या मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्ये अंत्यविधी चालू असताना टोळीतली पोरं आत घुसली आणि एकाला भोसकलं. त्यानंतर जेफ्री ब्राउन, युजीन रिव्हर्स वगैरे पाळकांनी टेन पॉइंट कोअॅलिशन काढलं. रात्री वस्तीत फिरायचं, पोरांशी बोलायचं, उपदेश नाही. शहरात १९९० साली १५२ खून झाले होते, १९९९ साली ३१. पोलिसांची 'ऑपरेशन सीजफायर' मोहीमही त्याच काळातली, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर अजून भांडतात.

पुणेकर:
पण तो टोळ्यांचा प्रश्न. एकटा माणूस बंदूक घेऊन शाळेवर येतो तेव्हा रात्री गल्लीत फिरून काय होणार?

लोहारकी (कोलोराडो):
बरोबर. म्हणून घरातल्या बंदुकांपासून सुरुवात करा. सँडी हुकच्या शाळेत २०१२ साली २० मुलं मारली गेली, त्यानंतर आमच्या कोलोराडो स्प्रिंग्जमध्ये माइक मार्टिन या मेनोनाइट (अहिंसा मानणारा ख्रिस्ती पंथ) माणसाने 'रॉ टूल्स' सुरू केलं. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात लोक तलवारींचे नांगराचे फाळ करतील असं म्हटलंय, ते यांनी शब्दशः घेतलं. लोकांनी स्वखुशीने दिलेली बंदूक करवतीने कापतात, भट्टीत तापवतात, तिची खुरपी-कुदळी करतात. मुलगा गमावलेल्या आईच्या हातातही हातोडा देतात. आजोबा वारले, कपाटात रायफल पडून आहे, अशी घरं तुमच्या पॅरिशमध्येही निघतील.

वसईकरीण:
हे अंकलना पटेल, त्यांच्याच गॅरेजमध्ये दोन आहेत! अनन्सिएशनच्या मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी एक आफ्रिकन म्हण सांगितली होती: प्रार्थना करताना पायही हलवा. तीच मीटिंगमध्ये आधी वाचते. लोहारकी, हे लोक पॅरिशमध्ये येऊन बंदुका कापून देतात का? पोलिसांना आधी कळवावं लागतं का?