अनुभव धागा: राजवाडा जळाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

इंदूरच्या कुठल्याही जुन्या मराठी घरात हा प्रश्न टाका, चार जण चार हकिकती सांगतील आणि चौघेही छातीठोकपणे. १९८४ साली, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत होळकरांच्या राजवाड्याला आग लागली. वरचे मजले लाकडी, मग काय उरणार! ज्यांनी ते पाहिलं ती मंडळी आता थकत चाललीत, म्हणून हा धागा काढतेय. लिहिताना एवढं नक्की सांगा: स्वतः पाहिलंत, की कुणाकडून ऐकलंत?

रामबागेतून
गच्चीवर आजीच्या कडेवर मी, तिच्या लुगड्याला कापराचा वास, समोर लालभडक आभाळ. सगळं लख्ख आठवतं. पण माझा जन्म ८२चा. बायको म्हणाली, "कडेवर होतास तर स्वतःचा चेहरा कसा दिसतो तुला?" खरंच, त्या चित्रात मी मलाच बाहेरून पाहतो.

*(धागाकर्ती: बाहेरून दिसली म्हणून आठवण खोटी ठरत नाही, खऱ्या आठवणीही अशा दिसतात. पण साधारण तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही. आजींनी ते इतक्यांदा सांगितलं असणार, की ऐकलेलं पाहिलेलं होऊन बसलं.)*

सुदामानगरहून
सराफ्यात अडकलेली घरची सायकल कुणी आणली? बाबा म्हणतात मी, काका म्हणतात मी. वाटेत उतरलेली चेन आणि बोटांना लागलेलं काळं ग्रीस दोघांनाही आठवतं. दर दिवाळीला जुंपते.

*(जुळ्या भावंडांमध्ये असे वाद होतात यावर २००१ साली संशोधन प्रसिद्ध झालंय. एकाच्या बाबतीत घडलेलं दोघांनाही आपलं वाटतं, आणि दोघेही मनापासून बोलत असतात. खोटारडं कुणालाच म्हणू नका.)*

लोकमान्यनगरातून
मला आग आठवतच नाही. शाळा बंद आणि पीठ संपल्यामुळे रोज भात, एवढंच.

माझ्या घरचं
आई सांगते, बातमी रेडिओवर ऐकली. परवा ग्वाल्हेरच्या मावशीकडे आईचं त्याच आठवड्यातलं अंतर्देशीय सापडलं: "पहाटे शेजारच्या वहिनींनी कडी वाजवून सांगितले." आईने चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, "घाईत लिहिलं असेन. रेडिओच होता."

अगदी हेच अमेरिकेत दिसलं होतं. १९८६ साली चॅलेंजर अवकाशयान कोसळल्यावर दुसऱ्याच दिवशी नायसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं, तर अनेकांची हकिकत पार बदललेली, खात्री मात्र दांडगी. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद पाहूनही जुनी आठवण परतली नाही. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते, आणि मधल्या काळात ऐकलेलं, वाचलेलं, फोटोत पाहिलेलं त्यात शिरतं. दुरुस्तीनंतरचा राजवाडा तर आपण रोजच पाहतो.

तुमच्याकडे त्या महिन्यातली पत्रं, डायऱ्या असतील तर आधी आठवण लिहून काढा, मगच कागद उघडा. दोन्ही इथे जसंच्या तसं टाका.