न्यूट्रॉनचं वस्तुमान टकरीवरून कसं काढलं?

प्रश्न: भौतिकशास्त्रज्ञ चॅडविकने 1932 मध्ये न्यूट्रॉनचं वस्तुमान टकरीवरून काढलं, पण न्यूट्रॉनचा वेगही माहीत नव्हता ना, मग अज्ञात दोन झाले की, दोन दिवस इथेच अडकलोय

उत्तर: म्हणूनच न्यूट्रॉनच्या दोन टकरी, एक हायड्रोजनशी, एक नायट्रोजनशी. टक्कर समोरासमोर आणि इलॅस्टिक धर, नुसत्या संवेगाने भागत नाही, गतिज ऊर्जाही अक्षय्य लागते. मग उडालेल्या अणूचा वेग 2मव/(म+अणूचं वस्तुमान), इथे म न्यूट्रॉनचं वस्तुमान, व त्याचा वेग. दोन्हींचा भागाकार केला की व गायब!

दुसरं उत्तर: आकडे टाकून बघ, प्रोटॉन (हायड्रोजनचं केंद्रक) सेकंदाला 3.3 कोटी मीटर, नायट्रोजन 47 लाख, वस्तुमानं प्रोटॉनच्या मापात 1 आणि 14 धर, म्हणजे (म+14)/(म+1) = 7.02

प्रश्नकर्ता: अरे आलं, म = 1.16, जवळपास प्रोटॉनएवढाच! दोघांचे खूप आभार