१११११११११ चा वर्ग एवढा सुबक कसा काय येतो?

नंदू_७७:
फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की नऊ वेळा १ लिहून त्याचा वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१ येतं, खाली "ऋषीमुनींचं गणित" वगैरे नेहमीचा मसाला. एक्सेलमध्ये टाकलं तर १२३४५६७८९८७६५४३०० दाखवतंय, शेवटचे २१ गायब! मग खोटं कोण, फॉरवर्ड की एक्सेल? भाची आठवीत आहे, तिला कळेल असं सांगा प्लीज.

हातचा_एक:
आकडा खरा आहे. एक्सेल १५ अंकच धरून ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं, १६ अंकी कार्ड नंबर टाकला की त्याचीही वाट लागते ती याच्यामुळेच.
भाचीला वहीत १११ गुणिले १११ उभं मांडायला सांग. १११, खाली एक घर डावीकडे सरकवून परत १११, मग अजून एक घर सरकवून १११. आता उभ्या रांगा मोज, एका रांगेत एक १, मग दोन, तीन, परत दोन, एक, झालं १२३२१. नऊ एकांचं पण हेच, मधल्या रांगेत नऊ १ येतात आणि ९ ला हातचा लागत नाही म्हणून सगळं जागच्या जागी राहतं.

नंदू_७७:
अरे भारी! मग दहा एक घेतले तर?

हातचा_एक:
तर बोंब. मधल्या रांगेची बेरीज १०, शून्य लिहून हातचा १, तो शेजारच्या ९ वर गेला की तिथेही १०, परत हातचा, मग ८ चा होतो ९. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गेला बघ.

देवळालीचा_पाहुणा:
ऋषीमुनी कशाला, आपले गणिती द. रा. कापरेकर आहेत ना! जन्म डहाणूचा, १९०५, आणि नोकरी देवळालीला शाळामास्तरची. १, १२१, १२३२१ या कुटुंबाला डेम्लो संख्या हे नाव त्यांनीच दिलं. डेम्लो म्हणजे जीआयपी रेल्वेवरचं (आताची मध्य रेल्वे) स्टेशन, आताचं डोंबिवली, या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला म्हणून. (डोंबिवलीकरांनी याचा बोर्ड लावायला हवा होता खरं तर.)
आणि गंमत म्हणजे या एकाच आकड्यात त्यांची बाकीची दुकानंही सापडतात. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने नि:शेष भाग जातो, म्हणजे ही हर्षद संख्या, तो प्रकारही त्यांचाच. वर ८१ ने गुणलं तर येतं ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग, त्याचे मधोमध दोन तुकडे करून बेरीज करा, ९९९९९९९९८ अधिक १, परत तेच ९९९९९९९९९! याला कापरेकर संख्या म्हणतात.

शून्यमहाशय:
८१ ने भागून येतं ते १२३४५६७९ चा वर्ग. या १२३४५६७९ मध्येही ८ नाहीये हं, आणि ९ ने गुणलं की नऊ एक मिळतात. १ भागिले ८१ करा, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं चालू राहतं, तिथलाही ८ त्याच हातच्याने खाल्लाय. भाचीला हा भागाकार हाताने करायला लावा, फोनवर नको.

नंदू_७७:
लावला कामाला. ग्रुपवर कापरेकरांचं नाव टाकलंय, काकांनी अंगठा दाखवून परत दुसरा फॉरवर्ड पाठवलाय 😑