शनिवारवाड्याची जळण्याआधीची प्रतिकृती कुठे मिळेल? (बजेट अडीच हजार)

चिंचबन:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्यांचं लहानपण शनिवार पेठेत गेलं, शिवाशिवीचा खेळ वाड्यातल्या जोत्यांवर. मी लहान असताना मला तिथल्या एका दगडावर उभं करून सांगायचे, "आत्ता तू आरसेमहालात उभा आहेस." मला दिसायचं नुसतं गवत. म्हणून त्यांना महालांसकटचा, आगीआधीचा वाडा भेट द्यायचा आहे. नुसता दिल्ली दरवाजा नको, तो सगळीकडे मिळतो. बजेट २५००, फार तर ३०००. शोकेसचा कप्पा सव्वा फूट रुंद आणि फूटभर उंच आहे. बाबा टूलरूममधून रिटायर झालेत, ओबडधोबड काम त्यांना चालत नाही. कुणी घेतली आहे का?

सागवानी:
मी २०१९ मध्ये सुताराकडून करून घेतली. आमचा जुना वाडा पाडला तेव्हा तुळया ठेवल्या होत्या, त्याच सागवानात. अडीच फूट लांब, दिल्ली दरवाज्यावरचे खिळेसुद्धा पितळेचे. मजुरीच अठरा हजार झाली. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्यापाशी थांबतो. अडीच हजारात चौरंग येईल फक्त. पैसे थोडे वाढवा, वडिलांची पंचाहत्तरी एकदाच येते.

चिंचबन:
सुंदर असणार. पण अडीच फूट कप्प्यात मावत नाही, आणि अठरा हजार खरंच जमणार नाहीत.

करवत:
काहीही घ्या, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) घेऊ नका. मी ऑनलाइन लेझरने कापलेला संच मागवला होता, १९०० रुपये. दोन रविवार घालवून जोडला. जुलैत कडा फुगून पावासारख्या झाल्या, कमानी सुटल्या आणि गणपतीत सगळा नगारखाना खाली आला. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणे तुमच्या घरात ओल असेल. पैसे परत नाहीत.

सह्यवारा:
करवत +१, लाकूडच घ्या. आणि मजले पूर्ण सात हवेत. कारागीर दोन-तीन मजल्यांवर भागवतात. वरचे मजले इंग्रजांनी तोफा लावून उडवले, म्हणून आज कुणाला ठाऊक नाहीत.

मोडीवाचक:
तोफांची ही गोष्ट प्रत्येक धाग्यात येते. वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं १७ नोव्हेंबर १८१७ ला. दुसरा बाजीराव आदल्या रात्रीच पुणं सोडून गेला होता आणि निशाण चढवलं बाळाजीपंत नातूंनी. महाल त्यानंतरही दहा वर्षं उभे होते. ते गेले २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत, आणि ती आग सात दिवस धुमसत होती. खाली दगडी जोतं, वर विटा आणि सागवानाचा सांगाडा अशी बांधणी होती. लाकूड जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणींचा, चुना जेजुरीकडचा. म्हणून आज दगड दिसतो आणि त्यावरचं काही दिसत नाही.

सह्यवारा:
मग मेघडंबरीवरून, म्हणजे अगदी वरच्या मजल्यावरून, आळंदीचा कळस दिसायचा ते काय? दोन मजल्यांवरून दिसेल का?

मोडीवाचक:
सात नव्हतेच असं मी म्हणत नाही. १० जानेवारी १७३० ला पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, तेव्हाचा वाडा लहान होता. खर्च १६,११० रुपये. कोट, बुरूज, नवे चौक, नवे महाल यांची भर पुढे पडत गेली. त्यामुळे सव्वाशे वर्षांचा... माफ करा, १७३२ ते १८२८ म्हणजे शहाण्णव वर्षांचा वाडा एकाच प्रतिकृतीत कसा दाखवणार? आधी साल ठरवा, मग मजले. खात्रीने करता येतं ते जोतं, नऊ बुरूज, पाच दरवाजे आणि हजारी कारंजं. त्यापुढचं प्रत्येक कारागीर अंदाजाने करतो.

ओटाआणिअंगण:
प्रतिकृतीचा हट्ट सोडा असं सुचवेन. थॉमस डॅनियलचं १८०५ सालचं चित्र आहे, पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील मॅलेट १७९० चा तह करतोय ते. जेम्स वेल्स पुण्यात राहून रेखाटनं करून गेला होता, त्यावरून डॅनियलने रंगवलं. मूळ चित्र लंडनला टेटमध्ये आहे. माझ्या सासऱ्यांना त्याची मोठी छपाई फ्रेम करून दिली, सगळं मिळून बाराशेत. सवाई माधवराव आहेत, नाना फडणवीस आहेत. सासरे रोज चहा घेऊन त्याच्यासमोर बसतात. वाडा बाहेरून कसा होता यापेक्षा आत माणसं कशी बसायची हे बघायला मिळतं.

सागवानी:
कागद तो कागदच. पाच वर्षांत पिवळा पडतो.

ओटाआणिअंगण:
आमचा सहा वर्षांचा झाला, पांढरा आहे.

दूरदेशी:
न्यू जर्सीहून लिहितोय. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मी थ्रीडी प्रिंटरवर केला होता. प्रिंटर घरचाच आहे, आठशे डॉलरचा. एकदा घेतलात की वाडाच काय, रायगडसुद्धा छापता येतो. सुरूच्या आकाराचे खांब इतके सुरेख आले की तिच्या बाईंनी वर्गात ठेवून घेतले. खांबांसाठी विश्रामबागवाड्याचे फोटो वापरले. तो दुसऱ्या बाजीरावाचा आणि अजून उभा आहे. पेशवाईतलं लाकूडकाम डोळ्यांनी बघायचं तर तिथेच जायला हवं.

सौ_मंडई:
शनिवारवाड्यावरच सगळे का अडता? बुधवारवाडा १८७९ च्या मे महिन्यात जळाला, त्याची आठवण कुणी काढत नाही. त्याच वेळी विश्रामबागलाही आग लागली होती, तो वाचला. आणि १८८६ पर्यंत पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात विकली जायची. आमच्या घरातल्या बायकांनी मंडईत गाळा मिळण्याआधी तिथे पाट्या लावल्या होत्या. प्रतिकृतीत ते पटांगणही घ्या.
भेटीचं म्हणाल तर वस्तू कशाला? बाबांना रिक्षाने केळकर संग्रहालयात घेऊन जा. कोथरूडचा मस्तानी महाल उचलून तिथे पुन्हा उभारलाय. गेलेल्या वास्तूत पाय ठेवता येतो, आणि अडीच हजारात दोघांचं जेवणही होईल.

सह्यवारा:
बुधवारवाड्याचा वेगळा धागा काढा ना. विचारलंय काय, चाललंय काय.

पन्हाळकर:
आम्ही दिवाळीला किल्ल्याऐवजी वाडा केला होता. माती, विटांचे तुकडे, खाली गोणपाट. शून्य रुपये. सोसायटीत पहिला नंबर.

कोनमापक:
एक साधा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही. कोटाच्या आतली जागा साधारण सव्वासहा एकर, म्हणजे एक बाजू ढोबळ मानाने १६० मीटर. ती सव्वा फुटात बसवायची तर प्रमाण १ : ४२० च्या आसपास येतं. मजल्याला अकरा फूट धरले तरी सात मजल्यांची उंची जेमतेम सव्वादोन इंच. दिल्ली दरवाजा करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा, त्यावरचे खिळे विसरा. दुकानात मिळतात त्या प्रतिकृतींत दरवाजा भलामोठा आणि मागे कोट एवढासा असतो, त्याचं कारण हेच. माझा सल्ला, अख्खा वाडा करू नका. हजारी कारंज्याचा एक चौक घ्या, त्याला एका बाजूचा महाल जोडा. १ : १०० मध्ये कप्प्यात आरामात बसेल आणि कमानी दिसतील.

मोडीवाचक:
कोनमापक, हे पटलं. एकच चौक करा.

दूरदेशी:
चौक +१. फाइल हवी असेल तर पाठवतो.

सागवानी:
चौकच करायचा तर सागवानात करा. माझा सुतार विचारला तर सांगेन.

चिंचबन:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री न राहवून बाबांना हा धागा वाचून दाखवला, त्यामुळे आता गुपित राहिलेलं नाही. चौकाची कल्पना मला फार आवडली होती. ते म्हणाले, "कोट नाही तर वाडा कसला?" मजल्यांचं विचारलं तर म्हणाले, "तू सुटे तुकडे आण, मजले मी बघतो."
त्यामुळे करवत, माफ करा, एमडीएफच घेतोय. घराजवळचा लेझरवाला आम्ही दिलेल्या आराखड्यावरून २१०० रुपयांत कापून देतोय. मजले सुटे, एकावर एक ठेवता येतील असे. १७३२ साठी कमी, शेवटच्या सालासाठी सात. आज सकाळी सातला आम्ही वाड्यात होतो. बाबा जोत्यांवरून पावलं मोजत चालत होते आणि मी वहीत आकडे लिहीत होतो. आरसेमहालापाशी आल्यावर त्यांनी मला पुन्हा त्याच दगडावर उभं केलं. आता प्रश्न एकच, फुगू नये म्हणून काय लावू?

करवत:
बाबा स्वतः जोडणार असतील तर माझी हरकत नाही. माझी चूक अशी झाली की आधी जोडलं आणि मग वरून पॉलिश मारलं. पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. जोडण्याआधी प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी आणि कडांना सँडिंग सीलरचे दोन हात द्या. पहिला हात वाळला की बारीक कागदाने घासा. जिथे फेव्हिकॉल लागणार तेवढी जागा कोरी सोडा. तळपट सहा मिलिमीटरचं घ्या, तीनचं वाकतं. आणि कारंज्याच्या सोळा पाकळ्या त्या मापात लेझरने करपतील. त्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून ब्लेडने कापायला बाबांना सांगा.