काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल: आतून कुणी पाहिलंय का?

रोहिणी_ठाणे: परवा डेव्हिड ससून लायब्ररी पाहून बाहेर पडले, तर जवळच टेकू लावलेली एक जीर्ण पाच मजली इमारत दिसली. मैत्रीण म्हणाली, इथेच जमशेटजी टाटांना आत घेतलं नाही, म्हणून त्यांनी ताज बांधलं. खरं आहे का हे? आणि ही आतून कशी होती?

जुना_कारकून: रोहिणीताई, तिसऱ्या मजल्यावर आमच्या साहेबांचं चेंबर होतं. एकवीस वर्षं मी तिथे कारकून होतो. सेशन्स कोर्ट आणि हायकोर्ट पायी गाठता येतं, म्हणून इमारत वकिलांनी भरलेली. आम्ही तिला एस्प्लनेड मॅन्शनच म्हणायचो.

ताजच्या गोष्टीला पक्का आधार नाही. ती ऐकली की मला वाईट वाटतं, कारण लोक तेवढीच विचारतात आणि पुढे जातात. ही इमारत लोखंडाची आहे, हे कुणाच्या गावी नसतं! चेंबरमधल्या खांबाला मी रोज सकाळी लोहचुंबकाने कोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, लावायचो. रंगाचे इतके थर बसलेले, तरी चुंबक घट्ट धरायचा. हे खांब, तुळया इंग्लंडमध्ये ओतून, घडवून जहाजाने मुंबईत आणल्या आणि १८६७ ते १८६९ मध्ये इथे जोडल्या. सुवेझ कालवा खुला झाला १८६९च्या नोव्हेंबरात. म्हणजे एवढं वजन आफ्रिकेला वळसा घालून आलं असणार.

आणि ७ जुलै १८९६! ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली ती याच हॉटेलात, तिकीट एक रुपया. आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ती चित्रं पाहून इतके भारले की त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. या माणसाच्या नावाची एक पाटी तरी त्या दारावर हवी होती.

बांधकामवाला: आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. लंडनचा अल्बर्ट पूलही त्याचाच. इथे सगळा भार लोखंडी सांगाडा पेलतो, विटा नुसत्या मधल्या जागा भरायला. १८६० च्या दशकात हे फार धाडसाचं होतं. पण समुद्राची खारी हवा, गळती आणि वर्षानुवर्षं आत घातलेले पोटमाळे, यांनी सांगाडा खाल्ला. २००५ मध्ये बाल्कनीचा भाग पडून एकाचा जीव गेला. पुढे आयआयटी मुंबईच्या अहवालात पाडायची शिफारस झाली, वारसा जपणाऱ्यांनी विरोध केला. माझं मत दुरुस्तीचं. खर्च प्रचंड येईल, पण असा सांगाडा पुन्हा कोण ओतणार?

रोहिणी_ठाणे: काका, तुम्ही शेवटचं आत कधी गेलात?

जुना_कारकून: २०१९ मध्ये, इमारत रिकामी केली तेव्हा. फायलींचे गठ्ठे लाकडी जिन्यावरून खाली आणायला दोन दिवस लागले. शेवटच्या दिवसाचा बोर्ड खांबावर तसाच ठेवला. चुंबक मात्र काढून घेतला. आता घरच्या फ्रिजवर आहे.