हैदराबादेत शनिवार-रविवार: खाणे, चहा आणि लग्नाची खरेदी यांची सांगड कशी घालावी?

गोदाकाठ

नमस्कार. पुढील महिन्यात मी, पत्नी, दहावीतील मुलगी आणि माझी आई असे चौघे छत्रपती संभाजीनगरहून रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी सकाळी काचीगुडा स्थानकावर उतरणार आहोत. परतीचा प्रवास रविवारी रात्री आहे. गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय पूर्वी पाहून झाले असल्यामुळे या वेळी स्थलदर्शन नको आहे. भाचीच्या लग्नासाठी लाखेच्या बांगड्या आणि दोन-तीन साड्या घ्यायच्या आहेत, जमल्यास मोत्यांची एक माळ, आणि उरलेल्या वेळात त्या शहराचे खाणे नीट, घाई न करता अनुभवायचे आहे. अडचण एकच आहे. आई शाकाहारी आहे आणि जिथे मांसाहार शिजतो तिथे ती जेवत नाही. आम्ही तिघे मात्र बिर्याणीसाठी उत्सुक आहोत. कोणता भाग कोणत्या दिवशी ठेवावा आणि खरेदी करताना काय पारखून घ्यावे, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

चारकमान

माझे बालपण काचीगुड्यातच गेले आणि आजही माझे निम्मे नातलग तिथे आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हैदराबादेत काय खावे यापेक्षा ते किती वाजता खावे हे अधिक महत्त्वाचे आहे. जुन्या शहरातील बहुतेक दुकाने अकराच्या आधी उघडत नाहीत, आणि संध्याकाळी सहानंतर चारमिनारच्या भोवती इतकी गर्दी होते की वयस्कर माणसाला सोबत घेऊन चालणे कठीण होते. म्हणून जुने शहर शनिवारी सकाळी व दुपारी ठेवा आणि आबिड्स, कोठी हा भाग रविवारी ठेवा.

शनिवारी सामान खोलीवर टाकून साडेआठपर्यंत गुलझार हौजापाशी पोहोचा. चारमिनारच्या उत्तरेला चार कमानींच्या मधोमध हा हौद आहे आणि त्याच परिसरात गोविंद यांची डोशाची गाडी लागते. गाडीला तिकडे बंडी म्हणतात. तव्यावर लोणी, उपमा, कांदा-टोमॅटो आणि मसाला एकत्र परतून केलेला तो डोसा उडप्याच्या डोशाहून अगदी निराळा असतो. ही बंडी सकाळचीच आहे, तेव्हा उशीर करू नका. बसायला जागा नसते, उभ्यानेच खावे लागते, पण आईंना चालेल असा हा जुन्या शहरातला उत्तम नाश्ता आहे.

तिथून चारमिनार ओलांडून मक्का मशिदीच्या बाजूला निमराह कॅफे आहे. इराणी चहा म्हणजे नेमके काय, हे तिथे समजते. चहाची पूड पाण्यात घालून भांडे झाकून मंद आचेवर पुष्कळ वेळ मुरू देतात, दूध वेगळ्या भांड्यात आटवतात, आणि पेल्यात आधी काळा अर्क व त्यावर ते दाट दूध ओततात. आपल्याकडच्यासारखे सगळे एकत्र उकळत नसल्यामुळे या चहात आल्या-वेलचीचा गंध नसतो. असतो तो मुरलेल्या पानाचा आणि आटीव दुधाचा. सोबत उस्मानिया बिस्किट घ्यावे, जे गोडही असते आणि जरासे खारटही. तिथे जेवण मिळत नाही, मात्र बेकरीत अंड्याचे पदार्थ असतात, हे आईंना आधी सांगून ठेवावे.

आता बांगड्या. चारमिनारच्या पश्चिमेला जाणारा रस्ता म्हणजे लाडबाजार. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण त्या गल्लीत जे चमकते ते सगळे लाखेचे नसते. काचेच्या, धातूच्या आणि प्लास्टिकच्या बांगड्याही शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. खरी बांगडी निखाऱ्यावर लाख मऊ करून, तिची वळी गोल वळवून केलेली असते आणि लाख गरम असतानाच तिच्यात खडे, आरसे, मणी एकेक करून हाताने बसवतात. त्यामुळे खड्यांच्या ओळीत किंचित अनियमितपणा दिसतो आणि आतल्या बाजूला लाखेचा थर ओळखू येतो. काही दुकानांत कारागीर समोरच बसून काम करतात. अशाच दुकानातून घ्या. लाख गरम करून बांगडीचे माप थोडेफार कमी-जास्त करता येते, म्हणून भाचीची एक नेहमीची बांगडी मापासाठी अवश्य सोबत न्या. पहिल्या दुकानात भाव सांगतील तो अंतिम नसतो आणि तसा कोणी मानतही नाही. तीन-चार दुकाने हिंडून मगच बोलणे करावे आणि परतताना बांगड्या कपड्यांत गुंडाळून हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात, कारण उन्हात आणि उष्णतेत लाख मऊ पडते.

दुपारच्या बिर्याणीसाठी घांसी बाजारातील शादाब मला सर्वांत भरवशाचे वाटते. हैदराबादी बिर्याणी कच्च्या पद्धतीची असते, म्हणजे मांस आधी शिजवत नाहीत. दही-मसाल्यात मुरवलेल्या कच्च्या मांसावर अर्धवट शिजलेला तांदूळ पसरतात, हंडीचे तोंड कणकेने बंद करतात आणि दोन्ही वाफेवर एकाच वेळी शिजू देतात. सोबत मिरची का सालन आणि दह्याची चटणी येते. ताटातले प्रमाण भरपूर असते, तेव्हा तिघांसाठी तीन मागवू नका.

रविवारी आबिड्सची बरीच दुकाने बंद असतात आणि त्यांच्या समोरच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. आपल्या मुलीला हा बाजार नक्कीच आवडेल.

सुती पदर

वरील माहिती उत्तम आहे. साड्यांविषयी मी भर घालते. लग्नाच्या निमित्ताने आपण पैठणीच्या प्रदेशातून येत आहात, तेव्हा हैदराबादेत जाऊन भरजरी रेशीम घेण्यापेक्षा तेलंगणच्या हातमागाचे जे खास आहे ते घ्यावे असे माझे ठाम मत आहे.

नारायणपेठी साडी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नेसली जाते, पण ते गाव तेलंगणात आहे याची अनेकांना कल्पना नसते. आज बाजारात त्या नावाने यंत्रमागाचा माल फार मोठ्या प्रमाणावर विकला जातो. पोचमपल्ली इकतमध्ये विणण्यापूर्वी सूत बांधून रंगवतात, त्यामुळे नक्षी कापडाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच गडद रंगात उमटते आणि तिच्या कडा किंचित पसरलेल्या दिसतात. उलट बाजू फिकट असेल तर ती छापील साडी समजावी. गद्वालची ओळख अशी की अंग सुती असते आणि काठ-पदर रेशमी, जे विणतानाच अंगाला जोडलेले असतात. आईंसाठी यांपैकी गद्वाल निवडावी. ती अंगावर हलकी राहते आणि समारंभातही शोभते.

खरेदी राज्याच्या हातमाग सहकारी संस्थेच्या दुकानातून करावी. तिथे भाव ठरलेले असतात, हातमागाची खूण तपासता येते आणि कोणी मागे लागत नाही. रविवारी दुकान उघडे आहे का, हे मात्र आधी दूरध्वनीवर विचारून घ्या.

कोठीकर

चारकमान यांच्या एका सूचनेशी मी सहमत नाही. शनिवारी दुपारी शादाबमध्ये जागेसाठी उभे राहावे लागते, आणि त्या वेळात आईंनी कुठे बसायचे, याचा विचार वरच्या बेतात झालेला नाही. माझ्या मते दुपारी सर्वांनी मिळून आबिड्सच्या ताजमहाल हॉटेलात दाक्षिणात्य शाकाहारी जेवण घ्यावे, आईंना खोलीवर विश्रांती घेऊ द्यावी आणि बिर्याणीसाठी आपण तिघांनी रात्री वेगळे जावे. वयस्कर माणसाला एकटे टेबलापाशी रिकाम्या ताटासमोर बसवणे बरे नव्हे.

रविवारी संध्याकाळचा वेळ मोअज्जम जाही मार्केटला द्या. निजामाच्या काळात, 1935 साली बांधलेली ही दगडी इमारत अलीकडे दुरुस्त करून स्वच्छ केली आहे आणि तिच्या अंगणात बसून ‘फेमस’ या दुकानाचे फळांचे आइस्क्रीम खाणे हा चौघांनाही जमेल असा आनंद आहे. सीताफळाचा हंगाम असेल तर दुसरे काही मागवू नका. कराची बेकरीचे जुने दुकानही तिथेच आहे. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या कुटुंबाने 1953 मध्ये ती सुरू केली. घरी नेण्यासाठी तिची फ्रूट बिस्किटे घ्यावीत आणि जवळच्याच हमीदीचा जौझी हलवा थोडासा तरी चाखावा. मोड आलेल्या गव्हाचे सत्त्व, दूध आणि तूप यांचा तो दाट पदार्थ आपल्या घरांत कोणी करत नाही. कोठीच्या गोकुळ चाटमध्ये आईंनाही निर्धास्तपणे नेता येईल. त्याच भागात, इसामिया बाजारात, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे हेही सांगून ठेवतो.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोठीकर यांची सूचना पटली. दुपारचे जेवण एकत्रच घेऊ आणि बिर्याणी रात्रीवर ठेवू. आता दोनच शंका उरतात. चारमिनारला मेट्रोने जाता येते का? आणि मोत्यांच्या माळेचा विचार करावा की सोडून द्यावा?

चारकमान

कोठीकर यांचे म्हणणे योग्य आहे, आईंच्या दृष्टीने तोच बेत बरा. मेट्रो अजून चारमिनारपर्यंत जात नाही. महात्मा गांधी बसस्थानकाच्या थांब्यावर उतरून पुढे रिक्षा करावी लागते, म्हणून आई सोबत असताना काचीगुड्याहून थेट रिक्षाच सोयीची पडेल.

मोती अवश्य घ्या, पण हैदराबादेत मोती पिकत नाहीत हे लक्षात ठेवून घ्या. निजामांच्या आणि उमरावांच्या मागणीमुळे आखातातले बसऱ्याचे मोती इथे येत राहिले आणि ते विंधणारे, निवडणारे, गुंफणारे कारागीर इथे स्थिरावले. शहराचे नाव त्या कारागिरीमुळे झाले. आज विक्रीला असतात ते प्रामुख्याने गोड्या पाण्यातले संवर्धित मोती आणि त्यांतले बहुतेक चीनमधून येतात. त्यात फसवणूक नाही, फक्त बसऱ्याचे म्हणून कोणी स्वस्तात देऊ लागला तर तिथून उठावे. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासून पाहा: खऱ्या मोत्यांना किंचित खरखर जाणवते, काचेचे गुळगुळीत सरकतात. रिक्षावाला आपण होऊन ज्या दुकानापाशी नेईल तिथे जाऊ नका, कारण त्याची दलाली आपल्याच बिलात धरलेली असते. पत्थरगट्टीत रस्त्याच्या दुतर्फा जुन्या पेढ्या आहेत. तिथे सुटे मोती निवडून माळ डोळ्यांसमोर गुंफून घेता येते आणि दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगितल्यास दोरा तुटला तरी सगळे मोती विखुरत नाहीत. या कामाला वेळ लागतो, म्हणून लाडबाजारात शिरण्याआधी मोती निवडून द्या आणि बांगड्या आटोपल्यावर, पावतीवर मोत्यांचा प्रकार लिहून घेऊन, माळ ताब्यात घ्या.